विवेक, तारतम्य आणि मतदान : अमेरिकी बिशपांच्या मार्गदर्शिकेची चिकित्सा

प्रस्तावना

कॅथलिक चर्चच्या सामाजिक शिकवणीचा आधुनिक इतिहास पोप तेरावे लिओ यांच्या १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकापासून मोजला जातो. या परिपत्रकाने कामगारांचा संघटना स्थापण्याचा व न्याय्य वेतनाचा हक्क मान्य केला. त्याचबरोबर खाजगी मालमत्तेचे समर्थन करून समाजवाद नाकारला. आरंभापासूनच ही शिकवण कोणत्याही एका पक्षाच्या चौकटीत सामावणारी नव्हती. मतदाराला मात्र मत एकाच उमेदवाराला द्यावे लागते. तत्त्वांची समग्रता आणि मताची एकेरी निवड यांतील अंतर कसे सांधावे, हा प्रश्न अमेरिकेतील बिशपांच्या परिषदेने नोव्हेंबर २००७ मध्ये संमत केलेल्या ‘फॉर्मिंग कॉन्शन्सेस फॉर फेथफुल सिटिझनशिप’ या मार्गदर्शिकेच्या केंद्रस्थानी आहे. प्रस्तुत लेखात तिच्या तर्काची चिकित्सा केली आहे.

पार्श्वभूमी

२००४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार जॉन केरी हे स्वतः कॅथलिक होते. परंतु गर्भपाताच्या कायदेशीर हक्काचे ते समर्थक होते. त्यांना पवित्र कम्युनियन द्यावे की नाही, यावर बिशपांतच मतभेद झाले. त्याच वर्षी कार्डिनल योझेफ रात्सिंगर यांनी अमेरिकी बिशपांना पाठविलेल्या टिपणात एक महत्त्वाचा भेद केला. उमेदवाराच्या गर्भपातविषयक भूमिकेसाठीच त्याला मत देणारा मतदार त्या दुष्कृत्यात सहभागी होतो. ती भूमिका अमान्य असूनही अन्य कारणांसाठी मत देणाऱ्याचा सहभाग दूरस्थ ठरतो व तितकीच गंभीर कारणे असल्यास तो क्षम्य असू शकतो. २००७ च्या मार्गदर्शिकेने हाच भेद स्वीकारला.

मार्गदर्शिकेची मांडणी

मार्गदर्शिका उमेदवाराचे वा पक्षाचे नाव घेत नाही. मानवी जीवनाची प्रतिष्ठा, कुटुंब, हक्क व कर्तव्ये, गरिबांना अग्रक्रम, श्रमप्रतिष्ठा, बांधिलकी आणि सृष्टीचे जतन या सात सूत्रांवर ती मतदाराचा विवेक घडवू पाहते. कॅथलिक माणूस एकाच प्रश्नावर मत देणारा नसतो, असे ती सांगते. आणि मूलतः दुष्ट अशा कृत्याचे समर्थन हे एकच कारण उमेदवार नाकारण्यास पुरेसे ठरू शकते, असेही सांगते. ही दोन विधाने परस्परविरोधी नाहीत. तथापि, त्यांना जोडणारा दुवा मार्गदर्शिकेत दुबळा राहिला आहे.

‘मूलतः दुष्ट’ या संकल्पनेची मर्यादा

एखादे कृत्य मूलतः दुष्ट आहे, याचा अर्थ ते कोणत्याही परिस्थितीत व कोणत्याही हेतूने समर्थनीय ठरत नाही. ही संकल्पना कर्त्याला काय करू नये हे सांगते. अनेक अन्यायांपैकी राज्यसत्तेने प्रथम कोणता दूर करावा, हे ती सांगत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या ‘गाउदियुम एत स्पेस’ या दस्तऐवजातील यादीत गर्भपात व दयामरण यांच्याच पंक्तीला गुलामगिरी, हद्दपारी, अमानुष राहणीमान आणि श्रमिकांना केवळ नफ्याचे साधन मानणे यांचाही समावेश आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९३ च्या ‘व्हेरितातिस स्प्लेंडोर’मध्ये मूलतः दुष्ट कृत्यांची उदाहरणे म्हणून हीच यादी उद्धृत केली. मार्गदर्शिकाही वंशद्वेषाचा उल्लेख याच वर्गात करते. साहजिकच दोन्ही पक्षांचे उमेदवार या कसोटीवर उणे ठरू शकतात. तेव्हा निवडीसाठी दुसरे साधन लागते, ते म्हणजे तारतम्य.

उमेदवाराचे चारित्र्य, सचोटी आणि विशिष्ट प्रश्नावर प्रत्यक्ष प्रभाव टाकण्याची त्याची क्षमता विचारात घ्यावी, असे मार्गदर्शिका सुचविते. हा तिचा सर्वांत मौलिक विचार होय. परंतु तो एका वाक्यापलीकडे विकसित होत नाही.

अग्रक्रमाचा प्रश्न

या उणिवेचे परिणाम पुढे स्पष्ट झाले. २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ‘गाउदेते एत एक्सुल्ताते’मध्ये गर्भस्थ जीवाइतकेच गरीब व परित्यक्त यांचे जीवन पवित्र असल्याचे प्रतिपादन केले. २०१९ मध्ये बिशपांनी मात्र गर्भपाताच्या संकटाला ‘सर्वोच्च अग्रक्रम’ दिला, आणि त्या शब्दयोजनेवर परिषदेतच मतभेद व्यक्त झाले. अग्रक्रमामागील युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही : जगण्याचा हक्कच नसेल तर अन्य हक्क निरर्थक ठरतात. परंतु जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा संवैधानिक हक्क रद्द करून हा विषय मुख्यतः राज्यांकडे सोपविला. त्यामुळे संघराज्याच्या अध्यक्षाची त्यावरील प्रभावक्षमता बदलली. तरीही २०२३ च्या नव्या प्रास्ताविकात अग्रक्रम कायम राहिला. तत्त्व बदलण्याचे कारण नव्हते. तत्त्वाच्या उपयोजनाचा फेरविचार मात्र मार्गदर्शिकेच्याच निकषानुसार अपेक्षित होता.

निष्कर्ष

कोणाला मत द्यावे हे मार्गदर्शिका सांगत नाही, हा तिचा दोष नव्हे. ते तिचे सामर्थ्य आहे. कृत्याची दुष्टता आणि राजकीय निवडीतील त्याचे वजन हे दोन भिन्न प्रश्न ती पुरेसे वेगळे करीत नाही, हा तिचा खरा दोष होय. हा भेद पुसट झाला की सामाजिक शिकवण एका पक्षाची पाठराखण करते असे भासू लागते, आणि उरलेली सूत्रे ऐच्छिक ठरतात. ज्या मतदाराला कोणताही पक्ष पूर्णतः आपला वाटत नाही, त्याची अस्वस्थता या शिकवणीच्या समग्रतेतूनच उद्भवते. ती शमविण्यापेक्षा तिला विचाराची शिस्त देणे हेच अशा मार्गदर्शिकेचे कार्य ठरते.