‘बिनतारी’ : आदेश की आगम?

संगणकांच्या जोडणीविषयी गेली काही वर्षे जे लेखन होत आहे, त्यात एक विधान सिद्धान्ताच्या थाटात मांडले जाते : घरांतून व कचेऱ्यांतून तार लवकरच नाहीशी होईल आणि तिची जागा बिनतारी जोडणी घेईल. हे भाकीत खरे की खोटे, हे पाहण्यापूर्वी त्यातील शब्द तपासणे इष्ट होय; कारण त्याचे निम्मे बळ वस्तुस्थितीत नसून शब्दांत आहे.

‘बिन’ हे उपपद अभाव दाखविते. परंतु ज्याचा अभाव सांगावयाचा ते एरवी अपेक्षित असते, हेही ते सुचविते. ‘बिनपगारी रजा’ म्हणताना पगारी रजा हा नियम गृहीत असतो. ‘बिनविरोध’ निवडीत विरोधाची शक्यता. ‘बिनतारी’ हा शब्द मराठीत रुळला तो रेडिओ-संदेशांमुळे. समुद्रावरील दोन जहाजांच्या दरम्यान खरोखरच तार नसते, म्हणून तेथे तो यथार्थ आहे. घरातील वायफायला तो लावला की मात्र अर्थ सैल होतो. येथे बिनतारी असतात ते शेवटचे काही मीटर. राउटरच्या मागे बहुधा तार असतेच. ती जिन्यातून रस्त्यावर, रस्त्यावरून केंद्रात आणि पुढे मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावरून समुद्रतळाशी जाते. २००८ च्या जानेवारीअखेर अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालील तारा तुटल्या, तेव्हा भारतातील कचेऱ्यांचे इंटरनेट विस्कळीत झाले होते. रस्ता खणताना केबल तुटली तरी घरोघर वाक्य उमटते ते ‘वायफाय गेले’ असे. अवयवाचे नाव अवयवीला देण्याची ही लक्षणा भाषेत नवी नाही; पण तिच्यावर विसंबून इमारती बांधू नयेत, एवढे खरे.

‘तार जुनी, बिनतारी नवी’ हा या विधानातील दुसरा गृहीत भाग. इतिहास त्याला दुजोरा देत नाही. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन एब्रॅमसन यांच्या नेतृत्वाखाली बेटाबेटांवरील स्थानके रेडिओने संगणकाशी जोडली गेली. प्रत्येक स्थानकाने वाटेल तेव्हा बोलावे, दोन संदेश एकमेकांवर आदळले तर थोडे थांबून पुन्हा पाठवावे, अशी ती रीत. गणिताने पाहता अशा व्यवस्थेत माध्यमाच्या क्षमतेपैकी सुमारे १८ टक्केच उपयोगी पडू शकते. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी हीच कल्पना सुधारून तारेत उतरविली आणि तिला नाव दिले ‘ईथरनेट’. प्रकाशवाहक म्हणून पूर्वी कल्पिलेल्या, व पुढे विज्ञानाने टाकून दिलेल्या, ‘ईथर’चे नाव तारेला मिळाले! आजची तारेची जोडणी ही अशी बिनतारी जोडणीचीच वंशज आहे.

पुढे या दोन शाखांची गती भिन्न झाली. तारेने सामाईकपणा टाकला : स्विच आल्यावर प्रत्येक यंत्राला स्वतःची स्वतंत्र वाट मिळाली, जीवरून एकाच वेळी बोलताही येते व ऐकताही येते. हवेला हे जमत नाही. ८०२.११ हे वायफायचे मूळ मानक १९९७ चे. त्याचा वेग सेकंदाला २ मेगाबिट होता. २०२१ मध्ये संमत झालेल्या मानकाचा सैद्धान्तिक वेग ९.६ गिगाबिट सांगितला जातो. वाढ डोळे दिपविणारी खरी. परंतु तो आकडा आदर्श स्थितीतला आणि सर्वांनी वाटून घ्यावयाचा. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात परस्परांवर न चढणाऱ्या वाहिन्या व्यवहारात तीनच. वीस बिऱ्हाडांच्या इमारतीत त्या कशा पुराव्यात? वरच्या पट्ट्यांत जागा अधिक आहे. मात्र तेथील लहरी भिंतीत अधिक क्षीण होतात.

येथे व्याकरणशास्त्रातील एक जुना भेद उपयोगी पडतो. मुळातील वर्ण घालवून त्याच्या स्थानी येतो तो आदेश. मूळ कायम ठेवून त्याला येऊन मिळतो तो आगम. परंपरेने पहिल्याला शत्रूची व दुसऱ्याला मित्राची उपमा दिली आहे. घरातील फोन व टॅब्लेट यांच्यापुरता आदेश झालेला आहे, हे मान्य केलेच पाहिजे. २००८ च्या मॅकबुक एअरने तारेचे भोकसुद्धा ठेवले नव्हते. कचेरीत मात्र बहुतांशी आगमच दिसतो. २०१६ चे २.५ व ५ गिगाबिटांचे ईथरनेट-मानक पहावे : जुन्याच तारांवरून अधिक वेग मिळवावा, ही निकड मुख्यतः वायफायच्या वाढत्या वेगामुळे भासली, कारण छतावरील प्रत्येक वायफाय-यंत्राला मागून तार लागते. बिनतारी वाढली, म्हणूनच तारेला नवे मानक लाभले. पहाऱ्याच्या कॅमेऱ्याचेही तसेच. बॅटरीवर न चालणाऱ्या ‘बिनतारी’ कॅमेऱ्याला विजेची तार असतेच. उलट ईथरनेटची एकच तार, २००३ च्या मानकापासून, त्याला वीज आणि संदेश दोन्ही पुरविते.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. नव्या ग्रंथालयाच्या वा वसतिगृहाच्या नकाशात ‘सर्वत्र वायफाय असेल’ एवढे एक वाक्य लिहून भिंतींतील नळ्या वगळल्या, तर बचत होते ती थोडी. पुढे वाचनकक्षात शंभर विद्यार्थी एकदम बसले आणि छतावर आणखी यंत्रे बसवावी लागली की त्यांच्यासाठी तारा न्यावयाच्या कोठून? मग त्या भिंतीवरून उघड्या, खिळ्यांनी ठोकून नेल्या जातात, अथवा भिंत फोडली जाते. नळी रिकामी राहिली तरी बिघडत नाही. आज तांबे नाही ओढले तर दहा वर्षांनी काचतंतू ओढता येतो.

‘तारयुक्त जोडणी’ हा शब्दप्रयोग अलीकडे कानी पडू लागला आहे. पूर्वी नुसते ‘जोडणी’ म्हटले की पुरे. ‘लँडलाइन’चे असेच झाले होते. मूळ वस्तूला विशेषण चिकटले की तिचे एकछत्रीपण सरले, एवढा निष्कर्ष भाषाशास्त्राला काढता येतो. ती वस्तू नाहीशी झाली, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही.