ओवाळणारा हात

दिवाळी जवळ आली की दिनदर्शिकांवर आणि मुखपृष्ठांवर तबक घेतलेल्या स्त्रियांची गर्दी होते. लोक त्यांचे चेहरे पाहतात. मी चित्रकार नव्हे, गोष्टी लिहिणारी बाई. पण मी आधी हात पाहते. चेहऱ्यावरचे उसने हसू खपून जाते, हातातला उसनेपणा खपत नाही. बोटे नेटकी, नखे रेखीव, बांगड्यांची नक्षी तर मोजून घ्यावी. आणि तरीही वाटते, ही बाई हे तबक पेलणार नाही! दोष बोटांत नसतोच. तो कोपर आणि मनगट यांच्या मधल्या वीतभर जागेत असतो.

कोपर टेबलावर टेकवून हात उभा धरा आणि तळवा आपल्याकडून पलीकडे वळवा. कोपराचे टोक जागचे हलत नाही. या भागात दोन हाडे आहेत. हात उताणा असतो तेव्हा ती शेजारी शेजारी असतात. पालथा होतो तेव्हा अंगठ्याकडचे हाड करंगळीकडच्या हाडावरून तिरके जाते. पंजा मुख्यतः अंगठ्याकडच्या हाडाला जोडलेला, म्हणून तो त्याच्याबरोबर फिरतो. उताणा हात त्यामुळे रुंद व चपटा दिसतो, पालथा गोलसर आणि पिळलेला. हात लांब करून उताणा धरला तर कोपरापाशी तो किंचित बाहेर झुकतो. पालथा केला की तो बाक जातो. आता आपल्या भिंतीवरचे चित्र पाहा. तळवा आकाशाकडे आणि पुढचा हात मात्र पालथ्याचा! अशा हाताने ओवाळणार कसे?

लिओनार्दोने १५१० च्या सुमारास शवविच्छेदन करून हेच वळण पुन्हा पुन्हा रेखाटले. दंडाची बेटकुळी केवळ हात वाकवीत नाही, तळवा उताणाही करते, हे त्याने ओळखले होते. बोटांत तर मांसल स्नायू जवळजवळ नाहीतच. त्यांना ओढणारे मोठे स्नायू पुढच्या हातात बसलेले आणि दोऱ्या मनगटावरून गेलेल्या, कळसूत्री बाहुलीसारख्या. रांगोळीची चिमूट सोडताना दुसऱ्या हाताने कोपराखाली धरून पाहा, सारी हालचाल तेथे लागते. आणखी एक बारकावा: पंजाच्या पाठीकडून बोटे लांब दिसतात, तळव्याकडून आखूड, कारण तळव्याचे मांस त्यांची मुळे झाकते. पुष्कळ चित्रांत दोन्हीकडून एकाच मापाची बोटे असतात.

यावर ठरलेले उत्तर येते, की हाडे-स्नायू हे पाश्चात्त्यांचे वेड. आपली कला भावाची, अजिंठा पाहा. बरे, पाहू. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी. त्याच्या बाहूवर एकही स्नायू उठलेला नाही, सारे कसे सोंडेसारखे वाहते. पण कमळ धरलेल्या हाताचे मनगट पाहा. जेथे वळायला हवे तेथेच ते वळले आहे आणि बोटे देठापाशी अलगद मिटली आहेत. त्या चित्रकाराने हाडे झाकली आहेत, मोडलेली नाहीत. अजिंठ्याचे नाव घेऊन लुळे हात काढणाऱ्यांना हा फरक दिसत नाही, की पाहायचा नसतो, कोण जाणे.

शिकवण्यातही खोट आहे. सांगाड्याचे तक्ते टांगतात, तो सांगाडा हात लोंबकळत सोडून उभा! नावे पाठ होतात, हालचाल तशीच राहते. मी शाळेत शिकवते. फळ्यावर उंच लिहिणाऱ्या मुलाची पाठ रोज पाहते. हात वर जातो तसे खवाट्याचे हाड पाठीवर फिरत बाहेर येते. हात पूर्ण उंचावण्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा त्या हाडाचा असतो. तक्त्यातून हे कसे कळावे?

सावळाराम हळदणकरांचे दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. पुष्कळ जण ते रविवर्म्याचे समजतात. त्यांनी आपल्या मुलीलाच समोर उभे करून ते रंगवले. बोटांतून झिरपणाऱ्या तांबूस उजेडाची सगळे वाहवा करतात आणि ती रास्तच आहे. पण तो उजेड तेथे थांबतो, कारण आडोसा धरणारा तळवा सपाट फळी नाही. मधोमध खोलगट आहे, बोटे एकमेकींना चिकटलेली नाहीत, मनगट ताठरलेले नाही. एका हाताने दिव्याचा भार घेतला आहे आणि दुसऱ्याने वारा अडवला आहे. दोघांची कामे निराळी, हेही त्या हातांत दिसते.