पर्यटनशिक्षणातील जपानी भाषा आणि आदराचे व्याकरण

पर्यटनाच्या विद्यार्थ्यांना परकीय भाषा शिकविताना तिच्या जोडीस ‘संस्कृतिपरिचय’ असा निराळा विभाग ठेवण्याचा प्रघात आहे. जपानीच्या बाबतीत चहाचा विधी, किमोनो आणि साकुराचा बहर हे त्यातील ठरीव विषय होत. वस्तुतः अजिंठ्यास आलेल्या जपानी प्रवाशाला साकुरा मराठी मार्गदर्शकाकडून समजून घ्यावयाचा नसतो. परंतु या योजनेतील दोष त्याहून खोल आहे. संस्कृती व्याकरणाच्या बाहेर असते, असे तीत गृहीत धरले जाते.

आदरार्थी रूपांचेच उदाहरण घ्यावे. मराठीतील आदर बहुतांशी व्यक्तीला चिकटलेला असतो. घरात बोलावे की पाहुण्यापुढे, ‘वडील आले’ हे बहुवचन ढळत नाही. जपानीत तो श्रोत्यावरही अवलंबून असतो. वडिलांना ‘ओतोओसान’ अशी हाक मारणारा मनुष्य परक्यापुढे त्यांचा उल्लेख ‘चिची’ असा करतो. कार्यालयप्रमुख येणार, हे सहकाऱ्यास सांगताना ‘इराश्शाइमासु’ हे आदरवाचक क्रियापद शोभते. बाहेरच्या पाहुण्यास सांगताना त्याच्या जागी ‘माइरिमासु’ हे नम्रतावाचक येते. ‘उचि’ म्हणजे आतले आणि ‘सोतो’ म्हणजे बाहेरचे, हा भेद येथे क्रियापदच बोलून दाखविते. मराठी विद्यार्थी मात्र घरच्या वळणाने साहेबांना सर्वत्र आदरवाचक रूप लावतो. वाक्यरचना निर्दोष असते. पण यजमानाने आपल्याच माणसाला पाहुण्याच्या वर बसविले, असा तिचा अर्थ होतो. मराठीत आदरार्थी बहुवचन असल्यामुळे जपानी आदर सुलभ, ही समजूत (ती शिक्षकांतही आढळते) म्हणूनच फसवी आहे. इंग्रजीभाषक विद्यार्थी निदान सावध तरी असतो.

शब्दसंग्रहाचीही तीच कथा. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातील पद्मपाणी हा अवलोकितेश्वर, म्हणजेच जपानचा ‘कान्नोन’, एवढे सांगताच चित्र प्रवाशाच्या ओळखीचे होते. होर्यूजी मंदिरातील, १९४९ च्या आगीत होरपळलेल्या भित्तिचित्रांशी अभ्यासकांनी अजिंठ्याची तुलना केली आहे, हेही मग ओघाने सांगता येते. मात्र कान्नोन जपानात पुष्कळदा स्त्रीसदृश रूपात दिसतो. तेव्हा हा मुकुटधारी पुरुष कसा, या प्रश्नास उत्तर देण्याइतकी भाषा मार्गदर्शकापाशी हवी.

चहाच्या विधीवरील टिपेऐवजी परीक्षेत एकच प्रश्न घालावा: कार्यालयप्रमुख उद्या येणार आहेत, हे प्रथम सहकाऱ्यास आणि मग पाहुण्यास सांगा.