मांसव्यवसाय आणि अन्ननियमन : हितसंबंधांच्या संघर्षाची चिकित्सा (विशेष संदर्भ : मीरा-भाईंदर)

प्रस्तावना :
अन्न खाण्यास योग्य आहे की नाही, हे ठरविणाऱ्या यंत्रणेचा त्या अन्नाच्या विक्रीत वा बंदीत स्वतःचा लाभ असता कामा नये, हे अन्ननियमनाचे मूलतत्त्व आहे. मांसव्यवसायाच्या संदर्भात हे तत्त्व कायद्याच्या रचनेतच कसे शिथिल झाले आहे, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

कायद्यातील दुहेरी भूमिका :
कृषी व प्रक्रियायुक्त अन्नपदार्थ निर्यात विकास प्राधिकरण, म्हणजेच अपेडा, ज्या १९८५ च्या अधिनियमाने अस्तित्वात आले, त्याचे कलम १० या दृष्टीने बोलके आहे. निर्यातक्षम उद्योगांना साहाय्य देणे आणि कत्तलखान्यांतील मांसाची गुणवत्ता तपासणे, ही दोन्ही कार्ये तेथे एकाच संस्थेकडे सोपविली आहेत. ज्या मालाची निर्यात वाढवायची, त्याच मालातील दोष शोधण्याची जबाबदारीही तिच्यावरच येते.

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कलम १३ नुसार वैज्ञानिक समित्यांत स्वतंत्र तज्ज्ञ असावेत आणि उद्योग व ग्राहक यांच्या प्रतिनिधींना केवळ चर्चेस निमंत्रित करावे, अशी तरतूद आहे. तरीही या समित्यांवर उद्योगांशी संबंधित व्यक्ती नेमल्या गेल्या व २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयास हस्तक्षेप करावा लागला. व्यवसायाचे म्हणणे ऐकणे आवश्यकच आहे. परंतु म्हणणे मांडणारा आणि निर्णय देणारा एकच असू नये.

मीरा-भाईंदरचा अनुभव :
महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ नुसार बाजार व कत्तलखाने चालविणे आणि त्यांचे नियमन करणे, ही दोन्ही महानगरपालिकेचीच कर्तव्ये आहेत. त्यात लोकप्रतिनिधींच्या मतपेढीचा विचार मिसळला की संघर्ष उलट दिशेने प्रकटतो. सप्टेंबर २०१५ मध्ये मीरा-भाईंदर महानगरपालिकेने पर्युषण पर्वानिमित्त आठ दिवसांच्या मांसबंदीचा निर्णय घेतला. मुंबईतील चार दिवसांच्या बंदीतून मासळी वगळलेली होती. तेथील १७ सप्टेंबरच्या विक्रीबंदीस उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. तत्पूर्वी २००८ मध्ये अहमदाबादेतील नऊ दिवसांची कत्तलखानाबंदी सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविली होती. या वादात श्रद्धा, आहारस्वातंत्र्य व उपजीविका यांचा ऊहापोह झाला. कत्तलीपूर्वी जनावराची व कत्तलीनंतर मांसाची तपासणी कोण व किती निःपक्षपातीपणे करतो, हा प्रश्न मात्र दुर्लक्षितच राहिला. व्यवसाय हवासा असेल तर दोषांकडे डोळेझाक होते, नकोसा असेल तर दोष नसतानाही दुकान बंद होते. दोन्ही प्रसंगी मांसाची प्रत हा निकष गौण ठरतो.

ब्रिटनचा धडा :
ब्रिटनमध्ये ‘मॅड काऊ’ रोगाच्या काळात कृषी, मत्स्य व अन्न मंत्रालय हेच उत्पादकांचे पाठीराखे व ग्राहकांचे रक्षकही होते. या रोगाचा मानवी आजाराशी असलेला संभाव्य संबंध सरकारने मार्च १९९६ मध्ये मान्य केला, तोपर्यंत मंत्रालयावरील जनतेचा विश्वास ढळला होता. एप्रिल २००० मध्ये स्वतंत्र अन्नमानक संस्था कार्यान्वित झाली, ती याच अनुभवातून.

निष्कर्ष :
तपासणीचे अधिकार विकास, मालकी व राजकीय निर्णय यांपासून वेगळे करणे, समिती-सदस्यांचे हितसंबंध जाहीर करणे आणि तपासणी अहवाल नागरिकांना खुले करणे, हे किमान उपाय होत. त्यांअभावी ग्राहकाचे आरोग्य व विक्रेत्याची उपजीविका ही दोन्ही नियामकाच्या मर्जीवर अवलंबून राहतील.