निरोप्याची कबुली

‘मेसेज आलाच नाही’ ही तक्रार आपण सगळेच करतो आणि दोष ‘रेंज’वर ढकलून मोकळे होतो. मला ती तक्रार इतकी साधी वाटत नाही. मराठी लेखकांचा पत्रव्यवहार जमवण्यात माझी वीसेक वर्षे गेली. पत्र पोहोचणे, हरवणे आणि टिकणे या तिन्ही गोष्टी साहित्याच्या इतिहासात मोजल्या जातात. आता हा व्यवहार मेसेजिंगच्या सॉफ्टवेअरवर आला आहे. तेव्हा त्यालाही याच कसोट्या लावल्या पाहिजेत.

पहिली कसोटी कबुलीची. ई-मेलचे नियम १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी शब्दबद्ध केले. सर्व्हरने निरोप एकदा स्वीकारला, की तो पोहोचवण्याची, नाहीतर अपयश पाठवणाऱ्याला कळवण्याची जबाबदारी त्याची, असे त्यांत मानलेले आहे. ‘पत्ता सापडत नाही’ असा शेरा घेऊन परतलेल्या लिफाफ्याचीच ही जात.

१९९९ साली जेरेमी मिलर यांनी मांडलेल्या ‘जॅबर’च्या, म्हणजे पुढच्या एक्सएमपीपीच्या, मूळ रचनेत ही कबुली नव्हती. गाडी कसारा घाटातल्या बोगद्यात शिरली आणि फोनची जोडणी तुटली, तरी सर्व्हरला ते लगेच उमगत नाही. तो तुटलेल्या नळीत निरोप ओतत राहतो. पाठवणाऱ्याला वाटते गेला. घेणाऱ्याला काही यायचे होते हेच ठाऊक नसते. पुढे पोच मागवण्याचे आणि निरोप मोजण्याचे नियम जोडले गेले, पण ते ऐच्छिक होते. ज्या सॉफ्टवेअरने ते पाळले नाहीत, तिथे निरोप मुकाट्याने हरवत राहिले.

व्हॉट्सॲपच्या खुणा या बाबतीत नक्कीच पुढचे पाऊल आहेत: एक खूण सर्व्हरपर्यंत, दोन फोनपर्यंत, आणि २०१४ पासून निळ्या झाल्या की वाचल्याची. पण ३० दिवसांत न पोहोचलेला निरोप सर्व्हरवरून पुसला जातो आणि परतीचा लिफाफा येत नाही. वाचणाऱ्याच्या मौनाचा हिशेब हे सॉफ्टवेअर चोख ठेवते, स्वतःच्या अपयशाचा नाही.

दुसरी कसोटी आधाराची. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेने फेसबुकची यंत्रणा इंटरनेटपासून तुटली आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद पडले. ई-मेलचा एखादा सर्व्हर पडला तर बाकीचे चालू राहतात; इथे सगळे छप्पर एकाच खांबावर होते. असे असणे अपरिहार्य नव्हते. गूगल टॉक २००६ पासून इतरांच्या एक्सएमपीपी सर्व्हरशी बोलत असे. २०१३ साली हँगआउट्स आले आणि तो दरवाजा लागला. हा निर्णय तंत्राच्या अडचणीपेक्षा धंद्याच्या सोयीचा होता, असे माझे मत आहे.

तिसरी कसोटी टिकण्याची. याहू मेसेंजर जुलै २०१८ मध्ये बंद झाले, आयसीक्यू जून २०२४ मध्ये, स्काइप मे २०२५ मध्ये. एका दिवंगत संपादकांशी माझा चार वर्षांचा संवाद अशाच एका ॲपवर झाला होता. फोन बदलताना त्यातले दीड वर्ष गेले. ना इशारा, ना खुलासा. एका कवितासंग्रहाच्या पाठभेदांवरची आमची सगळी चर्चा त्या दीड वर्षात होती. ती दुसरीकडे कुठेही नाही.

यावर कोणी म्हणेल, टेलिफोनवरचे बोलणे तरी कुठे उरत होते? खरे आहे, आणि प्रत्येक गप्पा उराव्यात असे मलाही वाटत नाही. पण टेलिफोनने जपण्याचा आव कधी आणला नाही. मेसेजिंगचे ॲप मात्र जुने संवाद तारीखवार मांडून दाखवते, म्हणून माणूस वेगळी नक्कल ठेवत नाही. शिवाय पत्र जाळायचे की ठेवायचे, हे ज्याच्या ट्रंकेत ते पडले आहे त्याने ठरवायचे असते, डाकियाने नव्हे.

निरोप्या चुकणारच. चुकलो हे त्याने सांगावे, दुसऱ्या निरोप्याची वाट अडवू नये आणि मालकाचे कागद मालकाला द्यावेत, एवढेच मागणे आहे. तोवर, ज्यांचा लेखनाशी संबंध आहे त्यांनी महत्त्वाचे संवाद निर्यात करून साध्या मजकुराच्या फाइलीत, आणि जमल्यास कागदावर, उतरवून ठेवावेत. उद्याच्या अभ्यासकाला खुणा पुरणार नाहीत. त्याला मजकूर लागेल.