लूर्डसचे काय झाले?

परग्रहवासीयांनी पृथ्वीवर केलेल्या स्वारीच्या कथा एखाद्या धर्मगुरूने का पाहाव्यात, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. माझ्याही मनात तो आला होता. आमच्या धर्मग्रामातील तरुणांच्या एका बैठकीनंतर 'फॉलिंग स्काइज' या अमेरिकन मालिकेचा विषय निघाला आणि मी सवयीप्रमाणे हसून तो बाजूला सारला. तेव्हा त्यांच्यातला एक जण म्हणाला, "फादर, तिच्यात लूर्डस नावाची एक मुलगी आहे. रोज प्रार्थना करणारी. पुढे तिचं जे केलंय ते तुम्ही एकदा बघाच." त्या एका वाक्यापायी मी पाचही पर्वे पाहिली. पहिल्या पर्वाने मला जितके आपलेसे केले, तितकेच चौथ्याने निराश केले. या निराशेचे कारण नीट तपासावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे.

ही मालिका टीएनटी या अमेरिकन वाहिनीवर १९ जून २०११ ते ३० ऑगस्ट २०१५ या काळात दाखवली गेली. एकूण भाग ५२. तिची कल्पना रॉबर्ट रोडॅट यांची आणि निर्मात्यांमध्ये स्टीव्हन स्पीलबर्ग. या दोघांच्याच लेखन-दिग्दर्शनातून १९९८ साली 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' हा युद्धपट निर्माण झाला होता. मालिकेची कथा सुरू होते ती आक्रमण होऊन काही महिने लोटल्यावर. सैन्ये नष्ट झाली आहेत, शहरे ओस पडली आहेत आणि बॉस्टनच्या परिसरात सुमारे तीनशे माणसांची एक तुकडी जीव मुठीत धरून हिंडत आहे. 'सेकंड मॅसॅच्युसेट्स' हे तिचे नाव. त्या तीनशेंत लढणारे थोडे, म्हातारे आणि मुलेच अधिक. तुकडीचा प्रमुख कॅप्टन वीव्हर हा जुना सैनिक, तर त्याचा दुय्यम टॉम मेसन हा इतिहासाचा प्राध्यापक. प्राध्यापकमजकूर प्रत्येक संकटात अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातला एखादा दाखला देतात. ती खोड प्रथम गंमतीची वाटते. तिसऱ्या पर्वापर्यंत मात्र ती आमच्यासारख्या प्रवचनकारांच्या खोडीइतकीच कंटाळवाणी होते, हे प्रांजळपणे कबूल करतो.

या मालिकेची सुरुवातच मनात घर करून राहते. आक्रमणाची हकीगत आपल्याला लहान मुले सांगतात, त्यांनी काढलेल्या चित्रांतून आणि त्यांच्याच शब्दांत. आई कशी गेली, घर कसे गेले, हे एखादे मूल रंगीत खडूच्या चित्राकडे बोट दाखवून सांगते, तेव्हा पडद्यावर स्फोट दाखवण्याची गरजच उरत नाही. आक्रमकांचे क्रौर्यही मुलांवरच केंद्रित झालेले आहे. पकडलेल्या मुलांच्या पाठीच्या कण्यावर ते एक जिवंत साज चढवतात. तो चढला की मूल त्यांचे गुलाम होते, आणि तो नुसता ओरबाडून काढला तर मूल दगावते. टॉमचा मधला मुलगा बेन असाच पळवला गेला आहे. पुढे डॉक्टर अ‍ॅन ग्लास एका सहा पायांच्या 'स्किटर' प्राण्याचे शवविच्छेदन करते आणि तिला त्याच्या शरीरात खोलवर तसाच साज सापडतो. म्हणजे ज्यांना आपण राक्षस समजत होतो तेही कधीकाळी कुणाच्या तरी जगातून पळवून आणलेले जीव होते! शत्रूच्या देहात आपल्याच लेकराची जखम दाखवणारा हा क्षण कोणत्याही गंभीर साहित्यकृतीला शोभावा असा आहे.

आता लूर्डसकडे येतो. लूर्डस डेल्गाडो ही वैद्यकीय शिक्षण घेणारी तरुणी डॉक्टर अ‍ॅनच्या हाताखाली रुग्णांची शुश्रूषा करते. सेचेल गॅब्रिएल या अभिनेत्रीने पहिल्या पर्वात तिला फार साधेपणाने उभे केले आहे. नावावरून आणि वळणावरून ती आपल्याच कुणाच्या घरातली वाटते. चौथ्या भागाचे शीर्षक 'ग्रेस' असे आहे. इंग्रजीत या शब्दाने देवाची कृपाही सूचित होते आणि जेवणाआधीची प्रार्थनाही. लूर्डसची श्रद्धा अशी जेवणाइतकीच रोजची आहे. ती कुणाला उपदेश करीत नाही. तिच्या प्रार्थनेमुळे एकही शत्रू मरत नाही, एकही चमत्कार घडत नाही. पती आणि मुलगा गमावलेल्या डॉक्टर अ‍ॅनच्या शेजारी उभी राहून ती आपले काम करते आणि हात जोडते, इतकेच. दूरचित्रवाणीवर श्रद्धाळू माणूस एक तर भोळसट असतो किंवा ढोंगी, असा आपला अनुभव. इथे प्रथमच तो सहकारी म्हणून भेटला.

दुसऱ्या पर्वात जमील नावाचा यंत्रांत रमणारा तरुण तिच्या जीवनात येतो आणि भयानक रीतीने मरतो. लूर्डस कोसळते. तिची प्रार्थना थांबते. इथपर्यंत लेखकांचे काही चुकले, असे मी म्हणणार नाही. दफनभूमीच्या फाटकाशी उभ्या असलेल्या आईने "फादर, आता मला प्रार्थना करायला सांगू नका" असे म्हटलेले मी ऐकले आहे आणि त्या वेळी गप्प राहण्याखेरीज मला काही सुचलेले नाही. लूर्डसची श्रद्धा कायमची हरवली असती आणि मालिकेने ते हरवणे प्रामाणिकपणे दाखवले असते, तरी या लेखकांचे मी आभारच मानले असते.

पण तसे घडत नाही. तिसऱ्या पर्वात परग्रहवासीयांचे सूक्ष्म किडे तिच्या शरीरात शिरतात, मनाचा ताबा घेतात आणि ती आपल्याच माणसांचा घात करू लागते. दुःखाने मोडलेल्या मुलीची कथा पुढे नेणे अवघड. किड्याने पछाडलेल्या मुलीची सोपी! तिच्या मनातला प्रश्न जिथे विचारला जायला हवा होता, तिथे लेखकांनी एक किडा सोडून दिला. पर्वाच्या शेवटी टॉम आणि अ‍ॅन यांची अर्धी मानवी, अर्धी परकी कन्या लेक्सी केवळ स्पर्शाने तिला त्या किड्यांपासून मुक्त करते.

चौथे पर्व २०१४ साली आले. सूत्रे डेव्हिड आइक यांच्या हाती गेली, भाग दहाचे बारा झाले आणि आरंभीच तुकडीची चार दिशांना फाटाफूट झाली. टॉम, वीव्हर इत्यादी एका बंदिस्त वस्तीत कोंडले जातात; अ‍ॅन आपला जथा घेऊन मुलीच्या शोधात रानोमाळ हिंडते; धाकटा मॅट शत्रूने चालवलेल्या मुलांच्या छावणीत सापडतो; आणि बेन, मॅगी, लूर्डस हे एका शांत चिनी वस्तीत लेक्सीच्या छायेखाली राहतात. यातील मॅटच्या छावणीत सर्वाधिक सत्त्व होते. तिथे मुलांना साज चढवत नाहीत, शिकवतात. गणवेष, घोषणा, मोठ्यांवर पाळत ठेवण्याचे धडे. हिटलरच्या युवक संघटनेची आठवण उघडच आहे. साजाशिवाय मूल गुलाम कसे होते, हा प्रश्न पहिल्या पर्वातील प्रश्नाहूनही खोल. परंतु तीन-चार भागांत सुटका होऊन छावणीचा विषय मिटतो. टॉम महाशय दरम्यान तोंड झाकून रात्री मोटारसायकल उडवीत शत्रूला हैराण करतात. इतिहासाच्या प्राध्यापकाला हे शोभले नाही, आणि नोआ वाइल या चांगल्या नटालाही नाही.

न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे. वीव्हरची मुलगी जीन हिचा शत्रूने विद्रूप प्राणी करून टाकलेला आहे आणि त्या रूपातही बाप तिला ओळखतो. बापाला वाचवताना ती मरते. विल पॅटन यांच्या चेहऱ्यावरचे ते ओळखणे पाहताना मी जागचा हललो नाही. हे लेखक काय लिहू शकत होते, ते त्या प्रसंगात दिसते.

मग लेक्सी. मागील पर्वात जन्मलेले हे मूल आता विशीतील तरुणी झालेले आहे. तिच्याभोवती शस्त्रे टाकलेल्या लोकांची वस्ती आहे. शत्रूशी शांततेने राहता येईल, असे ती सांगते. लोक तिचे शब्द झेलतात. आणि त्या सर्वांत पुढे लूर्डस. हिंसेने पिचलेल्या माणसांनी शस्त्र खाली ठेवावे काय, हा खरा प्रश्न आहे आणि तो टॉमसारख्या योद्ध्याला विचारलाच जायला हवा होता. मात्र लेखकांनी उत्तर आधीच ठरवून टाकले आहे. एक परग्रही अधिपती लेक्सीला गुपचूप भेटतो, तिचे कान भरतो. त्यामुळे वस्तीतील शांतता फसवी आहे, हे प्रेक्षकाला ठाऊकच असते. युक्तिवाद एकाच बाजूचा उरतो. शांतीची भाषा बोलणारा तो मूर्ख, हा निष्कर्ष विनासायास काढला जातो.

आणि लूर्डस? जी प्रार्थना करीत असे तीच ही मुलगी. ती आता डोळे विस्फारून लेक्सीचा महिमा गाते. कारण मी समजू शकतो. जिने आपल्याला बरे केले तिच्या पायाशी माणूस बसतोच. १८५८ साली बर्नादेतला पवित्र मरियेचे दर्शन झाले ते फ्रान्समधील लूर्ड गाव आज आजाऱ्यांच्या आशेचे ठिकाण आहे, आणि त्याच गावाचे नाव धारण करणारी ही मुलगी परक्या शक्तीकडून बरी होते. या योगायोगातून किती काढता आले असते! पूर्वीचा देव आणि आताची लेक्सी यांत तिला काय फरक वाटतो? ज्या देवाने जमीलला वाचवले नाही त्याच्यावर तिचा राग आहे काय? असे एकही वाक्य तिच्या तोंडी येत नाही. लेक्सी कोशातून रूपांतर होऊन बाहेर पडते आणि तिच्याकडे भक्तिभावाने गेलेल्या लूर्डसचा प्राण तिच्याच हातून जातो. चार पर्वे आपल्यासोबत असलेली व्यक्ती लेक्सीचे सामर्थ्य किती वाढले आहे हे दाखवण्यापुरती उपयोगी पडते.

माझी तक्रार धर्माचा अपमान झाला अशी नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. तशी तक्रार करायला मुळात धर्माची दखल तरी घ्यावी लागते. या साहित्यप्रकाराच्या मूळपुरुषाने, एच. जी. वेल्स यांनी, १८९८ च्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'मध्ये एक धर्मोपदेशक रंगवला आहे. तो भेकड आहे, खादाड आहे, शेवटी भ्रमिष्ट होतो. पण त्याचे कोसळणे आपण पायरीपायरीने पाहतो आणि ते खरे वाटते. अल्बेर काम्यू तर देव न मानणारे लेखक. त्यांच्या 'द प्लेग' (१९४७) या कादंबरीत ओरान शहरात साथ येते, आणि फादर पानलू पहिल्या प्रवचनात ती देवाची शिक्षा असल्याचे बजावतात. पुढे एका न्यायाधीशाचा लहान मुलगा त्यांच्या डोळ्यांसमोर तडफडून मरतो. दुसऱ्या प्रवचनात पानलू 'तुम्ही' म्हणत नाहीत, 'आपण' म्हणतात. एका सर्वनामात काम्यूंनी माणूस बदललेला दाखवला. सेमिनरीत असताना ते पान मी प्रथम वाचले आणि त्यानंतर प्रवचन लिहिताना माझा हात पुष्कळदा त्या शब्दाशी अडखळला आहे. ईयोबाच्या पुस्तकातही देवाचे उत्तर ३८ व्या अध्यायात येते. तिसऱ्या अध्यायापासून तिथपर्यंत त्या दुःखी माणसाला आणि त्याच्याशी वाद घालणाऱ्यांना बोलू दिलेले आहे. लूर्डसला कुणी बोलू दिले नाही.

लेक्सीचा पश्चात्तापही असाच घाईचा. आपली फसवणूक झाली हे कळल्यावर ती परत येते, काही जणांचा रोष पत्करते. पण तिच्या हातून गेलेल्या मैत्रिणीसाठी थांबायला कथेला सवड नसते. शत्रूचा ऊर्जास्रोत चंद्रावर आहे आणि तिथे जायला यान हवे! बापलेक चंद्राकडे झेपावतात, लेक्सी स्वतःचा बळी देऊन तो स्रोत नष्ट करते आणि सर्व हिशेब चुकता झाला, असे समजले जाते. पापनिवेदनाच्या खुर्चीत बसणाऱ्या कुणालाही विचारा. एखाद्या धाडसी कृत्याने हिशेब इतका लवकर मिटत नाही.

पाचव्या पर्वाविषयी फार लिहावेसे नाही. दहा भागांत युद्ध संपवायचे होते. शत्रूची राणी वॉशिंग्टनमध्ये एका जैविक अस्त्राने मारली गेली आणि ते संपले. वेल्स यांच्या मंगळवासीयांना साध्या जंतूंनी मारले होते, त्याची आठवण झाली.

ज्या तरुणाने मला ही मालिका पाहायला सांगितले, त्याला मी हे सर्व बोललो. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "फादर, ती मेली तेव्हा आमच्या घरात कुणाला वाईटही वाटलं नाही. मला त्याचंच वाईट वाटलं." या लेखात मी जे तीन-चार पाने खर्चून सांगितले ते त्याने दोन वाक्यांत सांगून टाकले. पालकांसाठी एवढेच नोंदवतो की पहिल्या पर्वाचे दहा भाग मोठ्या मुलांसमवेत जरूर पाहावेत. साजाची दृश्ये लहानांना झेपणार नाहीत. चौथ्या पर्वातील वीव्हर आणि जीन यांचा भाग कुणी वेगळा काढून दिला तर मी तो पुन्हा पाहीन.