यंत्र वाजलं नसतं

२००९ साली इंग्लंडात, स्टॅफर्डशरच्या एका शेतात, धातुशोधक यंत्र घेऊन हिंडणाऱ्या हौशी माणसाला अँग्लो-सॅक्सन सोन्याचा साठा लागला. तेच यंत्र घेऊन तो बुलढाणा जिल्ह्यात आला असता, सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांच्या छत्रीपाशी फिरला असता, तर यंत्रानं हूं की चूं केलं नसतं. खाली होता तो नुसता दगड. जून २०२४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या लोकांना छत्रीचं जतन करताना काही दगड वेगळे वाटले. खणत गेले तसा देवळाचा पाया लागला, सभामंडप लागला, आणि सव्वादोन मीटरच्या सुमाराला शेषशायी विष्णू.

आधी दगडच पाहावा. आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. छिन्नीची धार खाणारा. ही मूर्ती क्लोराइट शिस्टची आहे. होयसळ कारागिरांनी ज्यात सोनाराच्या हातानं काम केलं, त्या जातीचा हा दगड. खाणीतून निघतो तेव्हा मऊ, हवा लागेल तसा टणक. वऱ्हाडच्या कातळात तो पाहुणाच. पण मीटरभर उंचीच्या शिळेत निजलेला विष्णू, दशावतार आणि समुद्रमंथन असं सगळं बसवायचं, तर पाहुणा बोलावण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बैठकीची रुंदी अंदाजे ३० सेंटिमीटर, एक फूट! एवढ्यात शिल्पीनं क्षीरसागर सामावून दाखवला.

लांबी १.७० मीटर. बातम्यांनी हे आकडे घोळवले आणि खरी गंमत राहूनच गेली. विष्णू पहुडलाय, सगळं निवांत. आणि त्याच शिळेत मंथनाची ओढाताण चाललीय. मंथन म्हटलं की वासुकीचा दोर आलाच. म्हणजे एक नाग अंथरूण झालेला, दुसरा दोन्हीकडून ताणलेला. समुद्र तोच, एकदा पाळण्यासारखा आणि एकदा रवी घातलेल्या डेऱ्यासारखा. शिल्पीनं या दोन गती शेजारी ठेवल्या, तिथं मी त्याला मनातल्या मनात मुजरा केला.

मंथनाच्या शिल्पपटात घोडा दिसतो, ऐरावत दिसतो. समुद्रातून निघालेली ही दोन रत्नं पाहून सवयीनं डोळे पुढचं रत्न शोधू लागतात. लक्ष्मी कुठाय? ती केव्हाच बाहेर आलीय, आणि विष्णूचे पाय चेपत बसलीय.